१४३(१)(ए) ची नोटीस आली आहे – 'सहमत' दाबून मोकळं व्हावं का?

ओंजळ

मंडळी, आयकरातल्या जाणकारांची मदत हवी आहे.

आर्थिक वर्ष २०२४-२५ चं विवरण मी १६ सप्टेंबरच्या मुदतीत भरलं, ई-व्हेरिफायही लगेच केलं. परताव्याची वाट बघत होते, त्याऐवजी सीपीसी बंगळुरूचा, म्हणजे विवरणांवर प्रक्रिया करणाऱ्या आयकर खात्याच्या केंद्राचा, ईमेल आला. कलम १४३(१)(ए) खाली प्रस्तावित फेरबदल. पीडीएफमध्ये एक तक्ता आहे. डावीकडे लिहिलंय घरभाडे भत्त्याची सूट, कलम १०(१३ए). विवरणात दाखवलेली रक्कम १,९२,०००. फॉर्म १६ प्रमाणे (कंपनी देते तो पगार आणि करकपातीचा दाखला) रक्कम शून्य. शेवटच्या रकान्यात उत्पन्नात प्रस्तावित वाढ, पुन्हा १,९२,०००. उत्तराला ३० दिवस.

मी पुण्यात भाड्यानं राहते. भाडं महिना २२,०००, दर महिन्याला बँकेतून मालकांच्या खात्यात जातं. करार नोंदणीकृत आहे. मूळ पगार ६०,०००, घरभाडे भत्ता २४,०००. गावाकडच्या फ्लॅटचं कर्ज चालू आहे, त्यामुळे हिशेब मांडल्यावर जुनी करप्रणालीच, म्हणजे अशा सुटी-वजावटी मिळतात तीच, फायद्याची निघाली.

ऑफिसातले दोघंतिघं म्हणतात, 'सहमत' दाब, काय कर निघेल तो भर, खात्याशी कोण वाद घालत बसणार. एकाचा सल्ला असा की उत्तरच देऊ नकोस, आपोआप प्रोसेस होतं. घरचे तर घाबरलेतच. नोटीस म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर थेट धाड येते.

भाडं मी खरोखर भरलं आहे. तरी पैसे भरून विषय मिटवावा का?

सह्यकडा

१,९२,००० वर २० टक्क्यांनी ३८,४००, त्यावर ४ टक्के उपकर १,५३६. म्हणजे ३९,९३६ आणि वर थोडं व्याज. रक्कम लहान नाही हे मान्य. पण सीएची फी, हेलपाटे, डोक्याला ताप, हे सगळं धरलं तर मी भरून टाकले असते. सरकारी खात्याशी पत्रव्यवहार सुरू झाला की संपता संपत नाही असं आमच्या घरात पाहिलंय.

जुनाखातेदार

सह्यकडा, तुमचा हेतू चांगला आहे, पण 'सहमत' म्हणजे नुसते पैसे भरणं नव्हे. सूट घ्यायचा हक्क मला नव्हता असं लिहून देणं झालं ते. पुढच्या वर्षी ताई त्याच घरात, त्याच भाड्यानं राहणार आणि तीच सूट मागणार. तेव्हा काय उत्तर देणार?

माझी नोकरी बँकेत झाली, करसल्लागार मी नाही. पण दुसऱ्याच्या घाबरण्यावरून आपला निर्णय घेऊ नये एवढं कळतं.

ताळेबंद

ओंजळ, घाबरण्यासारखं काही नाही. मी हेच काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी नोटीस खरी आहे का ते बघा. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक पत्रावर डीआयएन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक असावाच लागतो. ई-फायलिंगच्या पोर्टलवर लॉगिन न करताही तो तपासता येतो, पहिल्याच पानावर सोय आहे. ईमेलमधल्या लिंकवर टिचकी मारू नका. पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून आत जा, 'प्रलंबित कामे' मध्ये 'ई-प्रोसीडिंग्ज' उघडा. नोटीस खरी असेल तर तिथे दिसेलच.

मग कलम बघा. 'नोटीस आली' म्हणून धावत येणाऱ्या दहा जणांकडे दहा वेगळे कागद असतात. १३९(९) म्हणजे विवरणच सदोष आहे, १५ दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर ते भरलंच नाही असं धरलं जाईल. १४३(१)(ए) तुमच्याकडे आलंय: संगणकाला तफावत दिसली, फेरबदल करण्याआधी तुमचं म्हणणं विचारतायत. नुसतं १४३(१) म्हणजे प्रक्रिया पूर्ण झाल्याची सूचना. तिचं पीडीएफ उघडायला पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. आणि १४३(२) म्हणजे छाननी, तिथे अधिकारी तुमचं विवरण तपासायला घेतो. तुमची पायरी त्याच्या बरीच आधीची आहे.

उत्तर न देण्याचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. ३० दिवसांत उत्तर गेलं नाही तर प्रस्तावित फेरबदल तसाच लागू होतो. 'आपोआप प्रोसेस होतं' याचा अर्थ तेवढाच. फेरबदल झाल्यावर दुरुस्तीचा अर्ज किंवा अपील, म्हणजे आज जे काम अर्ध्या तासाचं आहे त्याला पुढे महिने लागतात.

आता मला एक सांगा. फॉर्म १६ मध्ये सूट शून्य का आहे? कंपनीला भाड्याच्या पावत्या दिल्या नव्हत्या, की कंपनीनं नव्या करप्रणालीनं टीडीएस कापला? भाग ब काढून बघा, वरच्याच बाजूला कलम ११५बीएसी, म्हणजे नव्या करप्रणालीचं कलम, त्याबद्दल एक ओळ असते.

ओंजळ

आत्ताच बघितलं. नवी करप्रणाली लिहिलंय. पावत्या मी दिल्या होत्या, पण वर्षाच्या सुरुवातीला पर्याय विचारायचा मेल आमच्या शाखेत कुणालाच आला नाही, सगळ्यांचा कर नव्या प्रणालीनंच कापला गेला. विवरण भरताना मी जुनी निवडली.

ताळेबंद

मग तफावतीचं कारण सापडलं. नव्या प्रणालीत घरभाड्याची सूटच नाही, त्यामुळे त्या हिशेबानं काढलेल्या फॉर्म १६ मध्ये शून्यच येणार. कंपनीनं कोणत्या प्रणालीनं कर कापला हे तुमच्यावर बंधनकारक नसतं. ज्यांना व्यवसायाचं उत्पन्न नाही अशा पगारदारांना विवरण भरतानाच जुन्या प्रणालीचा पर्याय घेता येतो. अट एकच, विवरण मुदतीत भरलेलं हवं. तुम्ही १६ सप्टेंबरच्या आत भरलंय, त्यामुळे पाया पक्का आहे. मुदत टळून गेली असती तर मीच म्हटलं असतं की भरून टाका, कारण मग जुनी प्रणालीच मिळाली नसती.

आणखी एक. १४३(१)(ए) खाली खात्याला वाटेल तो फेरबदल करता येत नाही. बेरीज-वजाबाकीतली चूक, विवरणातल्या माहितीवरूनच उघड दिसणारा चुकीचा दावा, उशिरा भरलेल्या विवरणातला तोटा, अशा ठराविक गोष्टीच त्यात बसतात. भाडं खरंच दिलं की नाही, पावती खरी की खोटी, हे ठरवायची ही जागा नव्हे. त्यामुळे 'असहमत' म्हणायला तुमच्याकडे कायद्याचं आणि हिशेबाचं अशी दोन्ही कारणं आहेत.

अंगणवेल

वाचतेय. एक प्रश्न. फॉर्म १६ नव्या प्रणालीचा असेल तर ८०सी (गुंतवणूक), ८०डी (आरोग्य विमा), गृहकर्जाचं व्याज, सगळंच त्यात शून्य असणार. मग नोटिशीत फक्त घरभाडंच कसं? ओंजळनं बाकीच्याचाही खुलासा आत्ताच करून टाकावा ना, म्हणजे पुन्हा नोटीस यायची नाही.

ताळेबंद

अंगणवेल, बहुतेक जण इथेच घसरतात, म्हणून ठासून सांगतो. जे विचारलंय त्याचंच उत्तर द्यायचं. नोटिशीत एक ओळ आहे, तर उत्तरही एका ओळीचं. न विचारलेल्या वजावटींचं समर्थन करत बसलात तर मुद्दा पसरतो आणि मूळ उत्तर त्यात बुडतं. लपवायचं म्हणून हे सांगत नाहीये. कागद सगळ्याचेच तयार ठेवा, विचारलं की त्याच दिवशी देता आले पाहिजेत. पण विचारल्यावर.

ओंजळ, नियम २ए चा, म्हणजे घरभाड्याच्या सुटीचा, हिशेब तुम्ही कसा केला ते लिहा. आकडे बरोबर आहेत ना ते आधी बघू. आकडा चुकला असेल तर 'असहमत' कितीही ठाम असलं तरी टिकत नाही.

ओंजळ

असा केला:

मिळालेला भत्ता २४,००० × १२ = २,८८,०००.
दिलेलं भाडं २,६४,०००, त्यातून मूळ पगाराचे १० टक्के म्हणजे ७२,००० वजा, राहिले १,९२,०००.
मूळ पगार ७,२०,००० चे ४० टक्के = २,८८,०००. पुणे म्हणून ४० धरले.

तिन्हीत कमी १,९२,०००.

ताळेबंद

अगदी बरोबर. या वर्षासाठी ५० टक्के फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला, त्यामुळे ४० ठीक. महागाई भत्ता असता आणि तो निवृत्तिलाभात धरला जात असता तर मूळ पगारात मिळवावा लागला असता. खासगी कंपनीत सहसा तो प्रश्न येत नाही.

भाडं वर्षाला एक लाखाच्या वर असल्यानं मालकांचा पॅन लागतो, तो आहे ना? महिना ५०,००० च्या आत आहे, त्यामुळे भाड्यावर टीडीएस कापायची भानगड नाही.

ओंजळ

पॅन आहे, करारातही लिहिलाय. मालक सत्तरीच्या पुढचे आहेत, एकटेच राहतात. माझ्या या उत्तरामुळे त्यांच्या मागे काही लागणार नाही ना? त्यांना त्रास होणार असेल तर मला ते अवघड वाटतं.

जुनाखातेदार

ताई, हे विचारलंत यातच सगळं आलं. भाडं बँकेतून जातंय, करार नोंदलेला आहे, म्हणजे ते उत्पन्न आधीपासूनच उजेडात आहे. भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मालकाला मिळते, त्यासाठी डागडुजीची बिलंही लागत नाहीत. एकदा चहाला जाऊन त्यांना सांगा की असं असं उत्तर देते आहे. आमच्या वयाच्या माणसांना आधी सांगितलं की निम्मी काळजी तिथेच जाते.

अंगणवेल

पूर्वी माझ्या नवऱ्याचं विवरण छाननीला निघालं होतं, १४३(२) खाली. तिथेही घरभाडं होतंच, शिवाय शेअर विक्री. कागद कसे लावले ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर.

बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट काढलं आणि भाड्याच्या बारा नोंदी पिवळ्या केल्या. एकच महिना वेगळा होता, मार्चचं भाडं एप्रिलच्या २ तारखेला गेलं होतं. त्या नोंदीशेजारी समासात तसं लिहिलं. बघणाऱ्याला अकराच नोंदी सापडल्या असत्या आणि शंका आली असती, त्याआधीच आम्ही बोट दाखवून ठेवलं. मग करार, पावत्या, मालकाचा पॅन. प्रत्येक फाइलचं नाव आत काय आहे तेच: 'भाडे करार', 'बँक स्टेटमेंट भाड्याच्या नोंदींसह'. 'स्कॅन ००१७' असल्या नावाच्या फाइली कुणी उघडून बघत नाही. वर एका पानाची अनुक्रमणिका, त्यात प्रश्नाचा क्रमांक आणि त्यापुढे जोडपत्राचा क्रमांक.

छाननी हल्ली चेहराविरहित असते, कलम १४४बी. अधिकारी कोण, कोणत्या गावचा, काही कळत नाही. समोर बसून समजावून सांगायची सोय नाही, म्हणून कागदच इतके स्वच्छ हवेत की न विचारता समजले पाहिजेत. आणि मुदत अपुरी वाटली तर गप्प बसू नका, पोर्टलवर मुदतवाढ मागायचं बटण असतं. आम्ही मागितली होती, मिळाली. १४२(१) (माहिती मागवणारी नोटीस) किंवा १४३(२) च्या नोटिशीला उत्तरच दिलं नाही तर दर चुकीला १०,००० रुपये दंड होऊ शकतो आणि अधिकारी हाताशी असलेल्या माहितीवर कर ठरवून मोकळा होतो.

सह्यकडा

अंगणवेल, फार उपयोगी. माझं मत बदलतंय हे सांगतो.

एक शंका. आईच्या नावावर घर आहे आणि तिला भाडं देतो, हे चालतं का?

ताळेबंद

चालतं. घर खरंच आईच्या मालकीचं हवं, भाडं खरंच बँकेतून तिच्या खात्यात जायला हवं आणि तिनं ते आपल्या विवरणात दाखवायला हवं. तिन्हीतलं एक नसेल तर दावा करू नका. बायकोला भाडं दाखवण्याच्या फंदात तर पडूच नका.

ओंजळ

उत्तराचा मसुदा टाकते आहे. पोर्टलवर इंग्रजीतच देणार, इथे मराठीत लिहिते:

"मी गेली अनेक वर्षं नियमित व प्रामाणिकपणे कर भरत आले आहे. मी पुण्यात नोकरीनिमित्त भाड्यानं राहत असून वाढत्या भाड्यामुळे माझ्यावर बराच भार पडतो. आमच्या कंपनीनं कर्मचाऱ्यांना पर्याय न विचारता नव्या प्रणालीनं कर कापला, यात माझा काही दोष नाही. माझ्याकडे भाड्याचा करार, पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, गृहकर्जाचा दाखला, विमा हप्त्याच्या पावत्या आहेत. तरी कृपया सहानुभूतीनं विचार व्हावा."

ताळेबंद

भावना कळल्या, पण यातलं एकही वाक्य तफावतीचं उत्तर देत नाही. वाचणाऱ्याला एकच हवंय: १,९२,००० आणि शून्य यांत फरक का? सहानुभूती मागायची नाही, हक्क सांगायचा. गृहकर्ज आणि विमा विचारलेला नाही, तो काढा. कंपनीची तक्रारही इथे नको, ती एचआरला स्वतंत्र लिहा. मी असं लिहीन:

"फॉर्म १६ मध्ये नियोक्त्यानं नव्या करप्रणालीनुसार करकपात केली आहे, त्यामुळे कलम १०(१३ए) ची सूट शून्य दिसते. मी कलम १३९(१) च्या मुदतीत विवरण भरून कलम ११५बीएसी(६) प्रमाणे जुन्या प्रणालीचा पर्याय घेतला आहे. नियम २ए प्रमाणे: मिळालेला भत्ता २,८८,०००, भाडं वजा पगाराचे १० टक्के १,९२,०००, पगाराचे ४० टक्के २,८८,०००. यांतील किमान रक्कम १,९२,००० इतकीच सूट घेतली आहे. प्रस्तावित फेरबदल मान्य नाही."

एवढं पुरे. पोर्टलवर प्रत्येक तफावतीसमोर वेगळं उत्तर द्यायचं असतं. तुमच्याकडे एकच आहे. 'असहमत' निवडा, कारण निवडा, मजकूर घाला, जतन करा. मग मागे येऊन खालच्या घोषणेवर खूण करून सादर करा. नुसतं जतन करून बाहेर पडणारे बरेच असतात. त्यांचं उत्तर गेलेलंच नसतं आणि त्यांना वाटतं की दिलं. शेवटी व्यवहार क्रमांक दिसेल, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. एकदा सादर केलं की बदलता येत नाही, म्हणून आकडे पुन्हा एकदा नजरेखालून घाला.

आणि विवरणातल्या घरभाड्याच्या तक्त्यातही हेच आकडे आहेत ना ते बघा. या वर्षीपासून तिथे कामाचं ठिकाण, मूळ पगार, भत्ता, भाडं असं सगळं वेगवेगळं विचारलंय. तिथे एक आणि उत्तरात दुसरंच असं नको. तिथे काही राहिलं असेल तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सुधारित विवरण भरता येतं.

अंगणवेल

तुमचा मसुदा वाचून माझं जुनं उत्तर आठवलं, तेही असंच अंकगणिताचं होतं. ओंजळ, हेच पाठवा.

माळरान

धागा चांगला चाललाय म्हणून विचारतो. आमच्या ऑफिसात एक एजंट येऊन बऱ्याच जणांची विवरणं भरून गेला. परतावा आणून देतो, त्यातले काही टक्के मला, असा त्याचा बोलीचा व्यवहार. माझ्या धाकट्या भावाच्या विवरणात त्यानं राजकीय पक्षाला देणगी म्हणून ८०जीजीसी खाली मोठी रक्कम टाकली आहे, ती भावानं कधी दिलीच नाही. २०२३-२४ चं विवरण. परतावाही जमा झालाय. अजून नोटीस नाही. गप्प राहावं की काही करावं?

ताळेबंद

माळरान, नोटिशीची वाट बघू नका. १४ जुलै २०२५ ला खात्यानं नेमक्या अशाच एजंटांविरुद्ध देशभर ठिकठिकाणी कारवाई केली आणि ८०जीजीसी हे त्यातलं एक ठळक कलम होतं. पक्षांचे हिशेबही तपासले जातात, त्यामुळे खोटी देणगी कधी ना कधी उघडी पडणार.

भावाला अद्ययावत विवरण भरता येईल, कलम १३९(८ए). २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर त्याची मुदत करनिर्धारण वर्ष (आर्थिक वर्षाच्या लगेच पुढचं वर्ष) संपल्यापासून ४८ महिने झाली आहे. देय कर आणि व्याज, त्यावर पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के जादा, मग ५०, पुढे ६० आणि ७०. २०२३-२४ चं करनिर्धारण वर्ष ३१ मार्च २०२५ ला संपलं, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंत २५ टक्क्यांत काम होतं. खात्यानं आधी पकडलं तर चुकीची माहिती दिल्याबद्दल कलम २७०ए खाली कराच्या २०० टक्के दंड लागू शकतो. छाननी सुरू झाली की हा दरवाजाही बंद होतो.

आणि एजंटानं विवरणात स्वतःचा ईमेल आणि मोबाइल टाकलाय का ते आजच्या आज बघा. तसं असेल तर नोटीस त्याच्याकडे जाईल, भावाला पत्ताही लागणार नाही.

माळरान

मोबाइल त्याचाच निघाला. आज बदलला. भावाशी बोललो, भरायला तयार आहे. मनापासून आभार.

भरतीओहोटी

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे आणि मी पार वैतागलोय.

आधीच्या नोकरीत सहा महिने पगारातून टीडीएस कापला गेला. पगारपत्रकावर दर महिन्याला दिसतोय. पण कंपनीनं तो सरकारात भरलाच नाही, २६एएस मध्ये (आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणारं खात्याचं पत्रक) त्याचा पत्ता नाही. कंपनी आता जवळपास बंद आहे, फोन उचलत नाहीत, फॉर्म १६ दिला नाही. मी विवरणात तो टीडीएस दाखवला होता. १४३(१) च्या सूचनेत तो नाकारून मागणी काढली आहे. वर आता कलम २४५ ची सूचना आली की या वर्षीचा परतावा त्या मागणीत वळता करणार. माझ्या पगारातून गेलेले पैसे मीच पुन्हा का भरू?

ताळेबंद

तुमचा संताप रास्त आहे आणि कायदाही तुमच्या बाजूनं आहे. कलम २०५ स्पष्ट सांगतं की पगारातून कर कापला गेला असेल तर तेवढ्या रकमेपुरती मागणी कर्मचाऱ्याकडे थेट करता येत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानंही १ जून २०१५ च्या पत्रात आणि ११ मार्च २०१६ च्या ज्ञापनात अधिकाऱ्यांना तेच बजावलंय. अडचण अशी की सीपीसीचा संगणक २६एएस बघतो, कलम २०५ बघत नाही. ते तुम्हालाच दाखवून द्यावं लागतं.

सगळ्यात आधी २४५ ची सूचना. तिला २१ दिवस असतात. 'थकीत मागणीला प्रतिसाद' मध्ये जाऊन असहमती नोंदवा, कारणात कलम २०५ आणि त्या दोन तारखा लिहा. तेवढ्या दिवसांत गप्प राहिलात तर परतावा वळता होईल.

मग पुरावा. पगारपत्रकं आणि बँक स्टेटमेंट एकमेकांसमोर ठेवा. एकूण पगार इतका, कर कापला इतका, खात्यात आले इतके, असा महिनावार तक्ता करा. कापलेला कर तुमच्या हातात आला नाही हे सिद्ध होणं, हाच सगळा मुद्दा आहे. कंपनीचा टॅन (कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक) पगारपत्रकावर नसेल तर आधीच्या वर्षाच्या २६एएस मध्ये सापडेल.

हे सगळं जोडून तुमच्या क्षेत्रीय करनिर्धारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पोर्टलवरच्या 'तक्रार' विभागातही टाका. वाटलं तर टीडीएस शाखेलाही कळवा, न भरलेला कर कंपनीकडून वसूल करणं हे त्यांचं काम आहे.

भरतीओहोटी

पगारपत्रकं सगळी आहेत. एक महिना पगार दोन हप्त्यांत आला होता, त्याची बेरीज जुळतेय. दुरुस्तीचा अर्ज, कलम १५४, तोही करू का? की सरळ अपील?

ताळेबंद

दोन हप्ते तक्त्यात वेगळे दाखवा आणि खाली बेरीज द्या, अंगणवेलनी मार्चच्या भाड्याचं केलं तसं.

१५४ ला आदेशाचं आर्थिक वर्ष संपल्यापासून चार वर्षं मिळतात, त्यामुळे लोक निवांत राहतात. पण सीपीसीकडे १५४ म्हणजे पुन्हा तोच संगणक, पुन्हा तेच २६एएस. कंपनीनं उशिरा का होईना कर भरून आपलं टीडीएस विवरण सुधारलं तरच तिथून काही हाती लागेल. अपिलाची मुदत मात्र सूचना मिळाल्यापासून ३० दिवस, फॉर्म ३५, आयुक्त अपील यांच्याकडे. तुमचं उत्पन्न दोन लाखांच्या वर असणार, म्हणजे फी १,०००. १५४ चा अर्ज केला म्हणून हे ३० दिवस थांबत नाहीत, गोंधळ नेमका इथे होतो. सूचना कोणत्या तारखेला आली?

भरतीओहोटी

ईमेलवर तारीख बघितली. मुदत अजून शिल्लक आहे, पण फार नाही.

ओंजळ

मधेच सांगते, उत्तर सादर केलं. व्यवहार क्रमांक आला, स्क्रीनशॉट ठेवला. मालकांकडेही जाऊन आले. त्यांनी स्वतःच्या विवरणाची प्रत काढून दाखवली, त्यात माझं भाडं रुपयासकट होतं.

आता पुढे किती वाट बघायची?

ताळेबंद

छान. सप्टेंबर २०२५ मध्ये भरलेल्या विवरणाची १४३(१) ची सूचना ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत कधीही येऊ शकते, बहुतेकांना त्याच्या खूप आधी मिळते. छाननीची १४३(२) ची नोटीस द्यायची असेल तर ती ३० जून २०२६ च्या आत द्यावी लागते. परतावा उशिरा आला तर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं आणि ते व्याज त्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवायचं असतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, कलमांचे आकडे बदलतील, पण तुमच्या या विवरणाला १९६१ चाच कायदा लागू राहील. सूचना आली की तिच्यात १०(१३ए) पुढे तुम्ही दाखवलेली आणि खात्यानं धरलेली रक्कम अशा दोन्ही रकान्यांत १,९२,००० आहे का तेवढं आधी बघा.

भरतीओहोटी, १५४ बाजूला ठेवा, फॉर्म ३५ आज उघडा. अपिलाचं कारण म्हणून कलम २०५ चा एकच मुद्दा घाला, महिनावार तक्ता जोडा. मसुदा झाला की इथे टाका, रात्री बघतो.